टेबलावरचा पाहुणा

१

सोमवारी सकाळी कुणीतरी मोठं मशीन धुऊन-पुसून लख्ख करून ठेवलं. धूळ होती तशीच राहिली, आतलं सगळं मात्र गेलं. कुठल्या ग्राहकाची लाइन कुठून जाते, कुणाला किती वेग द्यायचा, कुणाचं कनेक्शन चालू आणि कुणाचं बंद, हे सगळं त्या मशीनच्या पोटात होतं आणि ते पोट एका दमात रिकामं झालं. हजारो घरांतलं इंटरनेट गेलं. दुकानदारांच्या हातातली यंत्रं मुकी झाली, पडद्यावर शिकवणाऱ्या बाई तोंड उघडं ठेवून तिथेच थिजल्या आणि इंटरनेट पुरवणाऱ्या त्या छोट्या कंपनीच्या फोनांनी असा काही गिल्ला केला, की शेवटी कुणीतरी त्यांच्या वायरीच काढून टाकल्या.

गुरुवारी विमा कंपनीच्या सर्व्हेअरबाई आल्या, तोवर इंटरनेट सुरळीत झालं होतं आणि चोरही सापडला होता. निदान कंपनीच्या मालकांचं तसं म्हणणं होतं. बाईंनी कागदावर सही करायची आणि जेवायच्या वेळेला घर गाठायचं, इतकंच काम उरलं होतं.

पण बाईंच्या सहीचं एक दुखणं होतं. आजवर जळालेली गोदामं, बुडालेली दुकानं आणि फोडलेल्या तिजोऱ्या बघत त्यांचे केस पिकले होते आणि पटल्याशिवाय त्यांच्या पेनाचं टोपण निघत नसे. हेड ऑफिसात त्यांना पाठीमागे ‘चिकटपट्टी’ म्हणत. त्यांच्या कानावर ते आलं होतं आणि त्यांना ते मनापासून आवडलंही होतं.

मालकांना सगळं गाव काका म्हणायचं. काकांच्या टेबलावर एका लाल वायरच्या तुकड्यात ओवलेला किल्ल्यांचा जुडगा पडला होता. बोलताना ते त्याच्याकडे बघणं टाळत होते.

“चोर घरातलाच आहे,” काका म्हणाले. “माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. भाऊ गेल्यावर मी वाढवली तिला. शिकवली. इथलं सगळं मशीन तिच्या हवाली केलं. आणि तिने...” त्यांनी टेबलावरचा एक कागद पुढे सरकवला. “संध्याकाळी पोलिसांत जाणार आहे. अर्ज टाइप करून ठेवलाय.”

“काका, घरच्या माणसाने मुद्दाम केलेलं नुकसान आमच्या विम्यात बसत नाही,” बाई म्हणाल्या. “हे खरं ठरलं तर तुमच्या हाती काही लागायचं नाही.”

“माहीत आहे मला.”

बाईंनी पेन हातात घेतलं, बोटांत फिरवलं. स्वतःचं नुकसान करून घ्यायला कुणी खोटं बोलत नाही. म्हणजे या माणसाला खरोखरच तसं वाटत होतं, आणि ते वाटणं त्याला आतून पोखरत होतं. त्याला असं वाटायला लावण्याइतका भक्कम पुरावा काय असेल?

“तुमच्या पुतणीला भेटायचंय मला,” असं म्हणून बाईंनी पेन टोपणासकट परत पर्समध्ये टाकलं.

२

पुतणी सर्व्हर रूमच्या बाहेर स्टुलावर बसली होती. आत जायची तिला बंदी होती. सोमवारी दुपारीच काकांनी तिच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या. तीन दिवस ती रोज वेळेवर येत होती आणि बंद दाराबाहेर बसून राहत होती.

“घरी का नाही बसलात?” बाईंनी विचारलं.

“घरी बसले तर सगळे म्हणतील, तोंड लपवतेय. मी केलेलं नाही, तर मी का लपू?” तिचे डोळे सुजले होते, पण आवाज ताठ होता. “फक्त मॅडम, मी तुमच्या जागी असते तर मीसुद्धा मलाच धरलं असतं.”

“का बरं?”

तिने काहीही न लपवता सांगून टाकलं. मोठं मशीन पुसण्याचा हुकूम तिच्याच पासवर्डने गेला होता. तिने जपून ठेवलेली सगळ्या सेटिंगची कॉपीही त्याच पासवर्डने पुसली गेली होती. शिवाय मशीन असं बांधून ठेवलं होतं, की ते हुकूम ऐकायचं फक्त एका जागेचा. ती जागा म्हणजे मागच्या खोलीतलं टेस्टिंग टेबल. हुकूम त्या टेबलाच्या लाइनवरूनच आला होता.

“बाहेरून कुणी शिरलं असेल तर?”

पुतणी कडवट हसली. “तिथेच तर सगळं घोडं अडतंय. बाहेरच्या जगाकडून आपल्याकडे येणारी जी मुख्य लाइन आहे, तिच्या तोंडाशी फायरवॉल बसवलेली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती हटकते आणि लिहून ठेवते. दोन वर्षं मी काकांच्या मागे भुणभुण लावली होती, इंटरनेट देणाऱ्यानेच स्वतःच्या दाराला कडी लावली नाही तर कसं व्हायचं म्हणून. शेवटी घेतली. आणि आता ती फायरवॉल सांगतेय, सोमवारी बाहेरून चिटपाखरूही आत आलेलं नाही. मीच हट्ट करून आणलेला साक्षीदार माझ्याच विरुद्ध उभा राहिलाय.”

एवढं बोलून तिला हुंदका आला. तिने तो गिळला आणि ओढणीने नाक पुसलं. बाईंना ती त्याच क्षणी आवडली. पण आवडलेली माणसंही चोऱ्या करतात, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं.

“सोमवारी त्या वेळी आत कोण कोण होतं?”

“मी, जावईबापू आणि आमचा लाइनमन पान्हा. दारावरच्या कॅमेऱ्यात दिसतं ना, चौथं कुणी आलेलंच नाही.”

“आणि टेबलापाशी कोण होतं?”

“कुणीच नव्हतं, मॅडम. मी तर पलीकडेच बसले होते. मी शपथेवर सांगते, हुकूम आला तेव्हा ते टेबल रिकामं होतं.”

३

जावईबापू म्हणजे काकांच्या मुलीचे यजमान. कंपनीची विक्री, जाहिरात आणि गोड बोलणं एवढं त्यांच्याकडे होतं. त्यांच्या टेबलावरचा लॅपटॉप एका चपट्या काळ्या पेटीवर उंच करून ठेवला होता, मान दुखू नये म्हणून.

“मी पहिल्यापासून सांगत होतो, ही फायरवॉल म्हणजे नुसता पांढरा हत्ती,” त्यांनी सुरुवातच अशी केली. “बँकेला ठीक आहे. आपण पडलो पाइपवाले. पाणी सोडायचं आणि मोकळं व्हायचं. पाइपला कुणी कुलूप लावतं का? शेवटी काय झालं? कुलूपही घेतलं आणि चोरीही झाली!”

“कंपनी विकायचं चाललंय म्हणे तुमच्या मनात?” गावात ऐकलेलं बाईंनी विचारून टाकलं.

जावईबापूंचा चेहरा पडला. “कुणी सांगितलं? पान्ह्याने ना? त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. हो, एका मोठ्या कंपनीशी बोलतोय मी. पण मॅडम, डोकं चालवा. विकायला काढलेल्या गाडीचं इंजिन कुणी स्वतः फोडतं का? सोमवारनंतर त्यांनी माझा फोनही उचललेला नाही.”

बोलणं बिनतोड होतं. शिवाय या माणसाला मोठ्या मशीनची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे कळत असेल, असं बाईंना वाटलं नाही.

पान्हा मागच्या खोलीत जेवणाचा डबा आटपत होता. चाळिशी ओलांडलेला, खांबावर चढून चढून काटक झालेला हा माणूस कमरेला कायम पान्हा अडकवून हिंडायचा, म्हणून ते नाव. ग्राहकांच्या घरी जाऊन लाइनी ओढणं, बिघडलेले राउटर बदलणं हे त्याचं काम.

“ताईंनी नाही केलं,” तो घास गिळता गिळता म्हणाला. “त्या मुंगीसुद्धा बाजूला सारून मग पाय टाकतात. पण माझं कोण ऐकतो? आम्हाला काय, वायर ओढ म्हटलं की ओढायची.”

“हेच का ते टेस्टिंग टेबल?”

“हेच. ग्राहकाकडचा राउटर बिघडला की त्याला दुसरा लावून द्यायचा आणि बिघडलेला इथे आणायचा. आणला की लगेच खोलायचा नाही. इथे जोडून आठवडाभर चालू ठेवायचा. राउटरचं पोरांसारखं असतं, घरी रडतात आणि डॉक्टरसमोर खेळतात. म्हणून आठवडाभर पाहुणा ठेवायचा, म्हणजे खरा रोग कळतो. मास्तरांनी घालून दिलेली पद्धत आहे ही.”

“मास्तर कोण?”

“काकांचे जुने दोस्त. ही कंपनी दोघांनी मिळून उभी केली, आम्हाला सगळ्यांना त्यांनीच शिकवलं. ताई शिकून आल्या, मशीन त्यांच्याकडे गेलं आणि मास्तर बाहेर पडले. आता पलीकडच्या गल्लीत दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. सगळ्या गावाचे राउटर, टीव्ही, काय वाटेल ते दुरुस्त करतात. पण रोजचा चहा अजून काकांसोबतच. सोमवारी त्यांनीच तर वाचवलं! काकांनी फोन केला, धावत आले, खिशातून जुनी कॉपी काढली आणि मशीनमध्ये भरली. हाताला गुण आहे हो त्यांच्या. नव्या इमारतीत डोळ्यांचा दवाखाना आहे, तिथली लाइन मीच ओढली गेल्या वर्षी. सोमवारी मी म्हटलं तिथे जाऊन सगळं हाताने करावं लागणार, म्हणून सामान घेऊन पोचलो. बघतो तर काय, आधीच चालू! डॉक्टरांनी चहा पाजला, फुकटचा.”

बाई टेबलाजवळ वाकल्या. टेबलावर एकच राउटर होता. त्याचे दिवे हिरवेगार, संथपणे मिचकावत होते.

“याला काय झालंय?”

“मधूनच बंद पडतो म्हणे. पण इथे आणल्यापासून एकदाही पडलेला नाही, पठ्ठ्या.”

“हा कुणाचा पाहुणा?”

“हा होय?” पान्ह्याने डब्याचं झाकण लावलं. “हा मास्तरांच्याच दुकानातला.”

४

मास्तरांना बोलवायला जावं लागलं नाही. चहाच्या वेळेला ते आपण होऊन आले आणि काकांच्या केबिनमध्ये खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची त्यांचीच होती. दुसरं कुणी तिच्यात बसत नसावं, कारण तिच्या बैठकीला त्यांच्याच अंगाचा खळगा पडलेला होता. शांत, हसरा माणूस. बोटांवर वायरींना डाग देताना भाजल्याच्या जुन्या खुणा होत्या.

“पोर वाईट नाही हो,” ते बाईंना म्हणाले. “तिला उगाच फार टोचू नका. हातून चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल आणि मग भीतीने कबूल करत नसेल. मी याला केव्हापासून सांगतोय, पोलीस-बिलीस नको. फार तर तिला मशीनपासून जरा लांब ठेव.”

“मग मशीन कोण बघणार?” बाईंनी सहज विचारलं.

“बघेल कुणीतरी.” मास्तरांनी बशीत चहा ओतला. “मी आहेच की.”

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “हा नसता तर सोमवारी मी रस्त्यावर आलो असतो.”

“ती कॉपी केव्हाची होती, मास्तर?”

“मी इथून बाहेर पडलो तेव्हाची. तीन वर्षं झाली. निघताना एक कॉपी घेऊन ठेवली होती, आपल्या हाताचं काम म्हणून. टाकवत नाही हो माणसाला.” हे बोलताना त्यांचा आवाज खरोखरच ओला झाला.

बाईंचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. मग त्यांनी तो आवाज न करता खाली ठेवला, दोघांचा निरोप घेतला आणि सर्व्हर रूमच्या बाहेर स्टुलावर बसलेल्या पुतणीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“एक सांगा. तुमच्या त्या फायरवॉलच्या दृष्टीने ‘बाहेर’ म्हणजे कोण?”

“बाहेर म्हणजे... बाहेरचं जग. सगळं इंटरनेट.”

“आणि तुमचे ग्राहक?”

पुतणी स्टुलावर सरसावून बसली.

“दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात दाराबाहेर असतो तो बाहेरचा,” बाई म्हणाल्या. “पण तुमचा धंदाच वेगळा आहे. तुम्ही लोकांना आपल्यातून वाट देता. तुमच्या भिंतीच्या आत कोण कोण आहे?”

“सगळेच,” ती पुटपुटली. “हजारो घरं. सगळे ग्राहक भिंतीच्या आतच आहेत, मॅडम.”

५

पुढचं सगळं पुतणीनेच भडाभडा सांगितलं. तिने दोन फायरवॉल मागितल्या होत्या. एक बाहेरच्या जगाकडे तोंड करून, दुसरी ग्राहकांकडे. विकणाऱ्याने वापरून बघायला दोन दिल्याही होत्या. पण काकांनी एकच ठेवली. “ते म्हणाले, ग्राहक म्हणजे आपली माणसं, त्यांच्यात आणि आपल्यात भिंत कशाला? मग मी मोठं मशीन फक्त टेबलाचं ऐकेल असं बांधून टाकलं. म्हटलं, टेबल तर आपल्याच खोलीत आहे, तिथे कोण येतंय?”

“तुमच्याकडे तिथे दर आठवड्याला पाहुणा येतो,” बाई म्हणाल्या. “राउटर तिथे ठेवता, तेव्हा तो कशाकशाला जोडता?”

“एका बाजूने ग्राहकांच्या लाइनला. नाहीतर तो घरात असल्यासारखा चालणार नाही ना. दुसऱ्या बाजूने टेबलाच्या लाइनला, म्हणजे आम्हाला तिथे बसून तो बघता...” ती उठून उभी राहिली. स्टूल मागे कोलमडलं. “एका हातात ग्राहक, दुसऱ्या हातात टेबल! आत बदल केलेला राउटर असेल, तर कुणीही ग्राहक आपल्या घरात बसून त्याच्यातून टेबलावर पोचेल. फायरवॉल वाटेत येतच नाही! आणि मी त्याच टेबलावरून रोज मोठ्या मशीनमध्ये जायचे. माझा पासवर्ड त्याच्या कानावरून गेला असणार.”

“आता दुसरं. तीन वर्षांपूर्वीची कॉपी मशीनमध्ये भरली, तर गेल्या वर्षी जोडलेल्या दवाखान्याचं इंटरनेट चालू होईल का?”

“कसं होईल? त्यात त्या दवाखान्याचं नावच नसणार.”

“ते चालू झालं. पान्ह्याला तिथे जाऊन हातही लावावा लागला नाही. म्हणजे भरलेली कॉपी जुनी नव्हती, पुसण्याआधी उचललेली ताजी होती.”

पुतणीला तीन दिवस आत जाऊ दिलं नव्हतं, म्हणून हे तिला ठाऊक नव्हतं. ती भिंतीला टेकली. तिला सगळं समजलं होतं आणि समजल्याचा आनंद मात्र कुठेच दिसत नव्हता.

“मास्तरकाका?” ती म्हणाली. “मला पहिला राउटर खोलून त्यांनी दाखवलाय, मॅडम. मी शाळेत होते.”

“रडायचं नंतर. ज्याचं पोट राउटर दुरुस्त करून भरतं, त्याने स्वतःचा राउटर दुरुस्तीला तुमच्याकडे का पाठवावा, याचा विचार करा. पण हे सगळं बोलणं झालं, आणि त्यावर तुमचे काका आपल्या दोस्ताला चोर म्हणणार नाहीत. मला साक्षीदार हवा. त्या दोन फायरवॉलपैकी दुसरीचं काय झालं?”

“परत पाठवायला जावईबापूंकडे दिली होती.”

बाईंच्या डोळ्यांसमोर एक चपटी काळी पेटी आली. त्या तरातरा जावईबापूंच्या खोलीत गेल्या, त्यांचा लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खालची पेटी काखेत मारली.

“अहो, माझी मान!” जावईबापू ओरडले.

“इथे एका मुलीची मान अडकलीये,” बाई म्हणाल्या.

किल्ल्या काकांकडेच होत्या, पण टेस्टिंग टेबल मागच्या खोलीत होतं आणि त्या खोलीला कुलूप नव्हतं. ग्राहकांची लाइन आणि टेबलावरचा राउटर यांच्या मधोमध पुतणीने ती पेटी बसवली. वायर पान्ह्याने ओढली, आणि जन्मात पहिल्यांदाच एकही प्रश्न न विचारता ओढली. या बाजूने कुणीही राउटरपाशी येऊ लागला, तर पेटी त्याला अडवणार होती आणि तो कुठल्या कनेक्शनवरून आला ते लिहून ठेवणार होती.

बाई परत केबिनमध्ये आल्या. दोघं मित्र अजून गप्पा मारत होते.

“काका, माझं जवळजवळ आटोपलं,” त्या म्हणाल्या. “टेबलावर एक राउटर आहे ना, तो तेवढा संध्याकाळी सील करून तपासणीला पाठवते. आमच्याकडे आतलं सगळं खोलून वाचणारी मंडळी आहेत. एक नियम असतो, बाकी काही नाही.”

“पाठवा की,” काका म्हणाले.

मास्तर हसले. चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली आणि उठले. “चलतो. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं असेल.”

बाई मागच्या खोलीत पेटीसमोर जाऊन बसल्या. पुतणीचे डोळे पडद्यावर खिळले होते. बराच वेळ काहीच झालं नाही. पान्ह्याने दोनदा जांभई दिली. आपलं चुकलं तर, असा विचार बाईंच्या मनात आला आणि त्यांनी तो झटकून टाकला. चुकलं असेल तर पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना विचारायचं, पण सही करायची नाही.

पडद्यावर एक ओळ उमटली. मग दुसरी. मग भराभर उमटत गेल्या.

“कुणीतरी राउटरचं दार ठोठावतंय,” पुतणी कुजबुजली. “नेहमीचं दार नाही, चोरदार आहे हे. म्हणतोय, आतलं सगळं पुसून टाक. अडवलं. परत आला. परत अडवलं.” तिने कनेक्शनचा नंबर वाचला आणि कीबोर्डवरचे हात काढून घेतले. “मॅडम, काकांना बोलवा.”

६

दुकान अरुंद होतं. फळ्यांवर उघडी पडलेली यंत्रं, प्रत्येकावर मालकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी. मास्तर पाठमोरे बसले होते आणि त्यांच्या पडद्यावर एक गोल नुसता फिरत होता. काका, पुतणी आणि बाई दारात उभ्या राहिल्या तरी त्यांना कळलं नाही.

“पुसला जात नाहीये ना?” काका म्हणाले.

मास्तरांचा हात थांबला. ते वळले. आधी काकांकडे बघितलं, मग पुतणीकडे, आणि तिच्याकडे बघताच त्यांनी मान खाली घातली. खोटं बोलायची उसनी हिंमतही त्यांच्यात उरली नव्हती.

“पहिली वायर मी ओढली होती,” ते म्हणाले. “तू शिडी धरली होतीस. आठवतं? मग ही शिकून आली. म्हणाली, मास्तरकाका, मशीनला हात लावायच्या आधी मला विचारत जा. बरोबरच होतं तिचं. मी निघालो, तर तू मला खुर्ची दिलीस. चहा दिलास. रोज देतोस. पण तीन वर्षांत एकदाही म्हणाला नाहीस, की मास्तर, हे जरा बघ रे.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “सोमवारी म्हणालास. ‘मास्तर, धाव’ म्हणालास.”

“त्यासाठी तू पोरीला चोर ठरवलंस?”

“मला वाटलं, तिला चार शब्द ऐकावे लागतील, एवढंच. तू तिच्या किल्ल्या घेशील, पोलिसांत जाशील, असं वाटलं नव्हतं. तुला म्हणत होतो ना मी, पोलीस नको म्हणून.”

“म्हणत होतास. खरं मात्र सांगत नव्हतास.” काका दारातून आत आले. “तीन दिवस, मास्तर. तीन दिवस माझ्यासमोर बसून तू चहा प्यालास आणि ही बाहेर स्टुलावर बसली होती. तिच्यासमोरूनच येत-जात होतास ना?”

पुतणी पुढे झाली आणि सगळ्यांना वाटलं, ती आता काहीतरी बोलणार. तिने नुसता हात लांब करून त्यांच्या पडद्यावरचा तो फिरणारा गोल बंद केला.

ऑफिसात परतल्यावर बाईंनी काकांच्या टेबलावर कागद पसरला आणि पेनाचं टोपण काढलं. ‘नुकसान बाहेरच्या माणसाने केलं,’ असं त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं. काकांनी ते वाचलं. ‘बाहेरच्या’ या शब्दावर त्यांची नजर घुटमळली आणि तिथून खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीकडे गेली.

“बदलू का?” बाईंनी विचारलं.

“नको. बरोबर आहे.”

टाइप केलेला अर्ज त्यांनी चार तुकडे करून टोपलीत टाकला. आता नवा लिहावा लागणार होता, दुसऱ्या नावाचा. मग त्यांनी लाल वायरमधला किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि दारात उभ्या असलेल्या पुतणीसमोर धरला.

तिने किल्ल्या घेतल्या नाहीत.

“काका, एक विचारू? मी केलं असं तुम्हाला खरंच वाटलं होतं?”

बाईंनी पर्स उचलली आणि जागच्या जागी थांबल्या. जावईबापू पॅसेजमध्ये मान चोळत उभे होते, त्यांनीही चोळणं थांबवलं. ‘छे, छे’ म्हणायला काकांना एक क्षण पुरला असता.

“हो,” काका म्हणाले. “वाटलं होतं. तुला वाढवली मी, आणि तरी वाटलं. मशीन म्हणालं आणि मी मानलं. तुला एकदा समोर बसवून विचारलंसुद्धा नाही.”

पुतणीच्या डोळ्यांतून इतक्या वेळचं पाणी आता वाहिलं आणि तिने ते पुसलं नाही. तिने जुडगा घेतला.

“नाही म्हणाला असतात, तर नसत्या घेतल्या,” ती म्हणाली. “आणि ती दुसरी फायरवॉल आता टेबलापाशीच राहणार.”

“ग्राहक आपली माणसं असली तरी?”

“आपली माणसं आहेत म्हणूनच, काका,” असं म्हणून तिने सर्व्हर रूमचं दार उघडलं.

काका केबिनमध्ये मागे वळले. मग त्यांनी खिडकीजवळची वेताची खुर्ची उचलली, पॅसेजमधून स्वतः वाहून नेली आणि सर्व्हर रूमच्या बाहेर, जिथे तीन दिवस स्टूल होतं तिथे ठेवली. तिच्यात बसून ते पुतणीचं काम संपायची वाट बघू लागले.